दादांची एकच तक्रार

मीठ कमी करायचं म्हणून राह्यला ना, मंग आधी माझं ऐक. आमच्या वडलांचं, म्हणजे दादांचं, बीपी वाढलं. डॉक्टर म्हणले, "गोळी घ्या, मीठ कमी करा." मी बंदच केलं. मिठाची बरणी कपाटात ठेवून कुलूप लावलं. वरून दिवसभर तांब्यावर तांब्या पाणी पाजायचो.

महिन्याभरात दादांचा तोल जायला लागला. मला वारलेल्या काकाच्या नावानं हाक मारायचे. कुणी भेटायला आलं की सांगायचे, "भाजीत मीठ न्हाई." मी पाहुण्याला बाजूला घेऊन म्हणायचो, "वय झालं, काहीबी बोलतेत. मनावर घेऊ नका."

एक दिवस अंगणात पडले. जालन्याला नेलं, रक्त तपासलं. डॉक्टर म्हणले, "रक्तातलं मीठ लई उतरलंय. गोळी, पाणी अन् अळणी जेवण, तिन्ही मिळून झालं. त्यांनी काही त्रास सांगितला न्हाई का?"

महिनाभर आमच्या घरात बराबर बोलणारा माणूस तो एकच होता, अन् त्याच्याच बोलण्याची मी पाहुण्यांकडं माफी मागून राह्यल्तो.