खाली न वाजलेला दांडा

नाव : लाइल ब्रँडवोल्ड. वय : ६१ वर्षे. धंदा : विहिरी व सांडपाण्याच्या टाक्या खोदणे. राहणार : टॅमरॅक क्रीक, मोंटाना.

मी आपणहून शेरीफ कचेरीत हजर होऊन, डेप्युटी लिंडक्विस्ट बाईंनी विचारल्यावरून सांगतो की, मी वरील ठिकाणी राहतो. शाळा अर्धवट सोडली आणि एका जुन्या खोदयंत्रावर धंदा उभा केला. गावच्या नेमबाजी क्लबात मी पंच असतो. हार्लन टीसडेल, वय ७८, हा माझा शेजारी. त्याचा मुलगा रॉइस आणि सून कोरीन वसंतापासून वेगळे राहतात. तरी कोरीनच्या पिस्तुलाची काडतुसे अजून हार्लनच भरून देतो. लग्न मोडलं म्हणून नेम मोडू नये, असे त्याचे म्हणणे.

शनिवारी सकाळी क्लबच्या स्पर्धेत कोरीन तिसऱ्या फेरीला उभी होती. तिच्या एका बाराचा आवाज बाटलीचे बूच निघावे तसा आला. मी ‘थांब’ म्हणालो. घड्याळ चालू होते, तिचे कान झाकलेले होते, चाप पुन्हा ओढला गेला. पावडर कमी पडल्याने आधीची गोळी नळीतच अडकली होती. पिस्तूल फुटले. तिच्या उजव्या हाताच्या दोन बोटांचे काय होणार, हे डॉक्टरांनी अजून सांगितलेले नाही.

दुपारी डेप्युटी हार्लनच्या काडतुसे भरायच्या शेडमध्ये आल्या तेव्हा मी तिथे होतो. हार्लनने त्यांना सांगितले की, पावडर मोजायच्या मापाचा स्क्रू कोणीतरी फिरवला असावा, आणि शेडची दुसरी किल्ली रॉइसकडे असते. त्यावरून रॉइसला ताब्यात घेऊन नेण्यात आले. गाडीत बसेपर्यंत रॉइस बापाकडे पाहत होता. बाप तराजू पुसत होता.

मला हे पटले नाही. स्क्रू फिरवला असता तर सगळीच काडतुसे सारखी कमी भरली असती. कोरीनच्या आधीच्या दोन फेऱ्या त्याच डब्यातल्या काडतुसांनी नीट झाल्या होत्या.

माप असे चालते. वरच्या नळकांड्यात पावडर असते. दांडा वर नेला की ती खाचेत उतरते, खाली आणला की काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीत पडते. खाच केवढी, ते स्क्रू ठरवतो. हार्लन स्क्रू लावल्यावर पहिले काही भरणे परत वर ओततो. पावडर दबून बसेपर्यंत तो मापावर विश्वास ठेवत नाही. मग एकेक भरणा तोलून स्क्रू केसाएवढा सरकवतो. पण स्क्रू नीट असला तरी दांडा दोन्ही टोकांना आपटावा लागतो. वर खट्, खाली खट्. खालचा आवाज झाला नाही तर थोडी पावडर खालच्या नळीत अडकून राहते आणि पुढच्या पुंगळीत पडते. उन्हाळ्यात कुंपणापलीकडून हा आवाज मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे.

रविवारी मी कॉफी घेऊन त्याच्याकडे गेलो आणि माझ्यासाठी काडतुसांचा एक ट्रे भरायला सांगितले. तो म्हणाला, “तुझा नेम गोठ्याच्या भिंतीलाही लागत नाही लेका, तुला पावडर कशाला वाया घालवायची?” तरी बसला. मी खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो. वर खट्, खाली खट्. बराच वेळ तसेच. मग वर खट्, आणि खाली काही नाही.

मी म्हणालो, “ही पुंगळी आणि पुढची, दोन्ही तोल.”

पहिली कमी भरली. दुसरी तेवढ्यानेच जास्त. त्याने तराजू शून्यावर आणून पुन्हा तोलले. हिवाळ्यातल्या आजारपणापासून तो शर्टाची बटणे डाव्या हाताने लावतो. दांडा मात्र उजव्यानेच ओढत होता.

“स्क्रू जागेवर आहे, हार्लन.”

“जागेवरच होता,” तो म्हणाला. “डेप्युटी यायच्या आधी मी तोच बघितला.”

म्हणजे रॉइसच्या किल्लीचे सांगताना त्याला ते ठाऊक होते. कॉफी तशीच राहिली.

आज सकाळी माझ्या सांगण्यावरून कोरीनच्या डब्यातली उरलेली काडतुसे माझ्यासमक्ष उघडून तोलण्यात आली. एक सोडून सगळी सारखी भरली. ते एक जास्त भरले. मुद्दाम कोणी एक काडतूस कमी भरले असते, तर हे जास्तीचे निघाले नसते. रॉइसविरुद्ध माझे काहीही म्हणणे नाही.

हार्लन बाहेर माझ्या ट्रकमध्ये बसला आहे. त्याला स्वतःचा जबाब द्यायचा आहे, आणि तो रॉइससमोर द्यायचा आहे. मी म्हटले, नुसते पावडर अडकली एवढे सांगितलेस तरी रॉइस सुटेल. तो म्हणाला, “सुटेल रे. पण घरी येईल का?”

त्याची सही डाव्या हाताची असेल. जुन्या कागदांवरच्या सहीशी जुळणार नाही. ती त्याचीच धरावी.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. हार्लनच्या हाताबद्दलचे गाळता येईल का, असे मी मध्येच विचारले होते. ते आता राहू द्यावे. बाकी सांगितले तेच लिहिले आहे व ते खरे आहे.

सही/-
लाइल ब्रँडवोल्ड