उशीखालचा निळा खडा

हॅलो?… कोण, चिमी? थांब, खडे घासायचं चाक बंद करतो, काही ऐकू येत नाही… हं, बोल. भर दुपारी फोन केलास, भाऊजी बरे आहेत ना?

…कोण येतं त्यांच्या स्वप्नात? आपले बाबा? अगं, ज्या वर्षी तुझं लग्न झालं त्याच वर्षी, लग्नाच्या दोन महिने आधी बाबा गेले. भाऊजींनी त्यांना पाहिलंसुद्धा नाही. मग बाबाच कशावरून?

…डाव्या हाताचं, करंगळीशेजारचं बोट अर्धं… हो. चाकाने नेलं होतं. तूच कधीतरी सांगितलं असशील… नाही? बरं, बरं, चिडू नकोस.

पहिल्या रात्री दारात उभे. दुसऱ्या रात्री खुर्चीत. आणि आज पहाटे पलंगावर, पायाशी… काही बोलतात?

…"हा रंग बदलत नाही." एवढंच?

मी पाठवलेल्या नीलमाने झालं म्हणतेस?

हो, हो… अगं ऐक ना! रागावू नकोस. मी तुला नीलम पाठवलाच नाही. ऑपरेशनला महिना झाला तरी भाऊजी उठत नाहीत, म्हणून ज्योतिषी म्हणाले नीलम बघा, तीन रात्री उशीखाली ठेवा. मला धीर झाला नाही. नीलम थांबत नाही कुणासाठी. घासायला धरला तर चाकच कुरकुरतं, आणि माणसाला लागला तर तीन दिवसांत उचलतो नाहीतर आपटतो. म्हणून मी नीली पाठवली. तीही शनीचीच, दिसायला तशीच निळी, पण गरीब बिचारी. लागली तर लागली, नाहीतर काचेचा तुकडा. तिने कुणाला स्वप्नं पडत नाहीत.

…फसवलं म्हण. खुशाल म्हण.

आता एक कर. खडा उशीखालीच आहे ना? भाऊजी झोपलेत तोवर हळूच काढ… काढलास? खिडकीशी जा. चिमटीत धर आणि उजेडात फिरव. नीली एका बाजूने जांभळट निळी, दुसऱ्या बाजूने राखाडी आणि तिसऱ्या बाजूने मधासारखी पिवळी दिसते. बाबांनी हेच शिकवलं आपल्याला.

…पिवळी दिसली का?… परत फिरव. सावकाश.

सगळीकडून निळाच?

…नखाएवढा आणि तरी जड? गार लागतोय?

थांब, माझ्याकडची पुडी उघडतो. वर "नीलम" लिहिलंय, माझंच अक्षर… हलका आहे गं. उजेडात धरतो… राखाडी… आता पिवळा. मधासारखा पिवळा.

चिमे, माझ्या हातून चूक झाली. पन्नास वर्षं मी पुड्या घडीवरून ओळखल्या. नीलमला तीन घड्या, नीलीला दोन. अंधारातसुद्धा चुकलो नाही. या वर्षी नातीने अक्षरं शिकवली, मग हौसेने चिठ्ठ्या लिहून चिकटवल्या. उलट्या चिकटवल्या असणार. तुला पाठवताना घडी चाचपलीच नाही, चिठ्ठी वाचली. वाचता येतंय ना आता मला!

…रडू नकोस. आधी त्यांना हाक मार… परत मार. खांदा हलव.

…उठले? पाणी मागतात? छाती हलकी वाटतेय म्हणतात?… अगं मग रडतेस काय, हस की! त्यांना सांग, मेव्हणा म्हातारा झालाय, दोन शिव्या द्या आणि सोडून द्या.

आता तो खडा पुडीत बांध आणि घराबाहेर… कुठे ठेवलास?

मुठीत? अजून मुठीतच? टाक तो. चिमे, खाली टाक आधी… मूठ उघडत नाही म्हणजे काय? दुसऱ्या हाताने बोटं सोडव.

…भाऊजी काय बघतायत? तुझ्याकडे नाही? मग कुठे?

तुझ्या मागे.

…काय म्हणाले? "पलंगावरून उठले, आता तिकडे आले"?

चिमे, वळू नकोस. ऐक माझं, वळू नकोस… चिमे? हॅलो?… हॅलो?

फोन कट झाला. माझी धाकटी बहीण चिमी त्याच दुपारी अडीच वाजता खिडकीशी उभ्या उभ्या गेली. भाऊजी अजून आहेत.