एकतर चाला, नाहीतर बोला

...शिष्ट म्हणा, माजलाय म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा, पण मी इथं बाकावर बसलोय तोवर तोंडावर म्हणा, कारण बसलेलो असलो की मला उत्तर देता येतं, चालताना येत नाही. हसू नका जयमालावहिनी, तुम्हीच लिफ्टपाशी आमच्या हिला, अरुणाला म्हणालात ना, "भावोजी हल्ली बघून न बघितल्यासारखं करतात हो, दोनदा 'काय म्हणताय' विचारलं तर सरळ खाली बघत निघून गेले." गेलो. कबूल आहे. तीन जून, संध्याकाळी सव्वासहा, डायरीत आहे. पण वहिनी, मी खाली माझ्या उजव्या पायाकडे बघत होतो, कारण तो पाय हल्ली बघितल्याशिवाय येत नाही.

आजाराचं नाव सांगितलं तर तुम्ही आणखी गोंधळाल. मल्टिपल स्क्लेरोसिस. आतापर्यंत चार जणांनी मला सांगितलंय, "हां हां, आमच्या मेव्हण्याला पण आहे, मान अशी वळतच नाही." तो मानेच्या मणक्यांचा आजार, वेगळा हो. माझ्यात काय झालंय, की मेंदूतून पायापर्यंत जाणाऱ्या नसांवरचं वेष्टण जागोजागी उडालंय, जुन्या वायरीवरचं उडतं तसं. मी पायाला म्हणतो उचल, निरोप निघतो, आणि कुठंतरी मधेच बसून राहतो. मग चपलेचं पुढचं टोक घासतं, गुडघा मागे जातो, आणि मी डुलत चालतो. नवा वॉचमन पहिल्या आठवड्यात अरुणाला काय म्हणाला माहितेय? "मॅडम, साहब सुबह सुबह ही?" आयुष्यात सुपारीसुद्धा खाल्ली नाही मी, तुम्हाला सांगतो.

आता माझी सवय तुम्हाला ठाऊक आहे. भाजी मार्केटात एका गाळ्यावर सव्वीस वर्षं मी आलेला माल आणि गेलेला माल लिहिला, त्यामुळे लिहिल्याशिवाय मला काही घडलंय असं वाटतच नाही. पडायला लागलो तसं पडण्याचंही लिहायला लागलो. तारीख, वेळ, जागा, पायात काय होतं, कुठं लागलं. आणि शेवटचा एक रकाना उगाच ठेवला, तेव्हा काय बोलत होतो. चौदा महिन्यांत अकरा वेळा पडलो. शेवटच्या रकान्यातलं एकेक ऐका. लिफ्टबाहेर, "नाही नाही, तुम्ही व्हा पुढं, मी येतो हळू..." आणि पडलो. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, "अगं, गॅसवरचं दूध..." मी खाली, दूधही खाली. पॅसेजमध्ये, पुण्याला मुलीशी फोनवर, "उत्कर्षा, तू काळजी करू नकोस, बाबा एकदम फस्क्लास..." अकरातली नऊ वाक्यं अशी अर्धवट. उरलेल्या दोनांत एकदा लादीवर पाणी होतं आणि एकदा शिंक आली.

ही वही मी फिजिओच्या गीतांजली मॅडमना दाखवली. पोरगी आहे हो, आमच्या उत्कर्षाएवढी, पण नजर अशी, की पहिले सगळे रकाने सोडले आणि बोट थेट शेवटच्यावर ठेवलं. म्हणाली, "काका, जरा चालून दाखवा." कमरेला पट्टा बांधला, पट्टा तिच्या हातात, आणि दहा मीटर चाललो. छान चाललो. कुणी बघत असलं की मी छानच चालतो. मग म्हणाली, "आता परत चाला, पण चालताना क-वरून सुरू होणाऱ्या भाज्या सांगा." मला? सव्वीस वर्षं भाजी मार्केटात काढलेल्या माणसाला? मी म्हटलं, लिहून घ्या मॅडम. कांदा, कोबी, कारलं, काकडी, कोथिंबीर, करटोली, कच्ची केळी... अजून कोहळा होता, केळफूल होतं, सगळं ओठावर होतं, आणि बघतो तर मी पट्ट्याला लोंबकळतोय आणि मॅडम दोन्ही पाय रोवून मला धरून उभ्या.

खुर्चीत बसवलं, पाणी दिलं, आणि म्हणाल्या, "काका, पूर्वी तुम्ही चालायचात ते लक्ष न देता. आता प्रत्येक पावलाला लक्ष लागतं. बोललात की ते लक्ष बोलण्याकडे जातं, पायाला काही उरत नाही. तेव्हा यापुढे एकतर चाला, नाहीतर बोला."

एकतर चाला, नाहीतर बोला. काय वाक्य आहे बघा. आणि कुणाला सांगितलं, तर मला.

पाळलं मी. दोन महिने पाळलं, एकदाही पडलो नाही. आणि मग मे महिन्यात... नाही नाही सयाजीराव, तुम्ही मान खाली घालू नका, तुमची काही चूक नाही. साताऱ्याचा माणूस, समोरून ओळखीचा आला की विचारणारच, त्यात वाईट काय आहे? मी सिग्नलला रस्ता ओलांडत होतो, डावा, उजवा, डावा, उजवा, आणि पलीकडून तुमचा आवाज, "काय नंदूभाऊ, जेवान झालं का?" आता मला सांगा, जेवण झालं का विचारल्यावर माणूस गप्प कसा राहील? म्हटलं, "झालं." एवढ्यावर थांबलो असतो तर निभावलं असतं. 'झालं'ला पाय टिकले होते. पण समोरच्यानं विचारलं की आपण उलट विचारायचं, ही आईची शिकवण. "झालं, तुमचं?" म्हटलं आणि दुभाजकावर कपाळ. तीन टाके. आणि हे आमचे सयाजीराव, मला उचलून रिक्षात घालताना, "माजं बी झालं, माजं बी झालं, तुमी आता बोलू नगा."

बारावं पडणं ते. डॉक्टर म्हणाले, स्टिरॉइडनं हाडं ठिसूळ झालीत, पुढचं पडणं खुब्यावर गेलं तर परत उभं राहणं कठीण. आणि अरुणानं तिथंच, डॉक्टरांच्या समोर सांगितलं, "आता आणखी एकदा पडलात की संध्याकाळचं चालणं बंद. बाहेर जायचं तर चाकाच्या खुर्चीतून." ती तसं उगाच बोलत नाही.

तुम्ही म्हणाल, बंद तर बंद, बाल्कनीत बसावं. अहो, पण हे चालणं काय आहे ते तुम्हाला ठाऊक नाही. कोपरखैरण्यात वन बीएचके घेतला, आई हॉलमध्ये, उत्कर्षा अभ्यासाला आतल्या खोलीत, नवरा-बायकोनं बोलायचं कुठं? संध्याकाळी घरातून निघून या तळ्याच्या बाकापर्यंत यायचं, बसायचं, परत जायचं, बावीस वर्षं आमचं सगळं बोलणं या रस्त्यावर झालंय. भांडणं रस्त्यावर, उत्कर्षाचं लग्न रस्त्यावर ठरलं, आई गेल्यावर अरुणा रडली ती रस्त्यावर. माझ्या एमआरआयचा रिपोर्ट घरात पाकिटात होता, तो काय आहे ते मी तिला सांगितलं त्या रसवंतीसमोर. आणि आता त्याच रस्त्यावर, एकतर चाला नाहीतर बोला.

सुरुवातीचे आठ दिवस तीही गप्प. माझं कोपर धरायचं आणि नुसतं चालायचं, जशी काही अबोला धरलेली माणसं. नवव्या दिवसापासून ती बोलायला लागली. एकटीच. आधी कढीपत्ता महाग झाला, लिफ्टचा पंखा बिघडला असलं काहीतरी. आणि गेल्या मंगळवारी, आवाज न चढवता, समोर बघत म्हणाली, "तुम्ही बोलू नका हं. मी बोलते. तुम्ही आंघोळीला जाता ना, तेव्हा मी दाराबाहेर उभी असते. भाजी निवडतेय म्हणते, पण निवडत नसते. बादलीचा आवाज ऐकत असते. आवाज थांबला की दाराला कान लावते. दोन वर्षं झाली. मी दमलेय हो. उत्कर्षा म्हणते, महिनाभर पुण्याला ये, बाबांना बाई ठेवू. जाऊ का? नको, नको, उत्तर देऊ नका. पुढं ब्लॉक उचकटलेत, उजवा पाय उचला."

मी उजवा पाय उचलला.

आता तुम्ही म्हणाल, बाकावर पोचल्यावर बोलायचंत की. पोचलो. बसलो. याच जागी. मॅडमनी बसल्यावर बोलायला मनाई केलेली नाही. सगळं लक्ष मोकळं होतं, पायाला काही काम नव्हतं. आणि तुम्हाला सांगतो, मी काय म्हटलं? म्हटलं, "वारा बरा आहे आज." ती म्हणाली, "हो."

घरी आल्यावर डायरी उघडली, मंगळवारच्या पानावर तारीख घातली, पुढं काही लिहवलं नाही. सव्वीस वर्षं कधी पान कोरं गेलं नव्हतं. बुधवारी ती दळण आणायला गेली तेव्हा मी पॅसेजमध्ये सराव केला. भिंतीला हात लावून चालायचं आणि म्हणायचं, "जा." एकच अक्षर आहे. सहा वेळा म्हटलं, सहाही वेळा उभा. म्हणजे चालता चालतासुद्धा म्हणता येतं, रस्त्यातसुद्धा म्हणता येईल. आज सहा दिवस झाले, म्हटलेलं नाही. कारण जा म्हटलं की ती जाईल. जायलाच हवं तिनं. पण मग संध्याकाळी माझं कोपर...

ती बघा आलीच, हातात भाजीची पिशवी. मेथी दिसतेय. घरी जाऊन निवडते म्हणेल.

सयाजीराव, जरा हात द्या, उठतो. उभा राहिलो की एकच वाक्य, मग पुढं काही विचारू नका. पूर्वी या बाकापासून घर सहाशे चाळीस पावलांवर होतं, मोजलंय मी. आता पावलं आखूड पडतात, काल नऊशे दहा भरली. वाढतच जाणार म्हणतात मॅडम... तेवढाच तिला बोलायला वेळ.