चार बाजूंची बुक्की

मास्तर : म्हणजे माझ्या बुक्कीला हा चार बाजूंचा फासा, आणि ह्या काठीला सहा बाजूंचा? तुमची काठी माझ्या बुक्कीपेक्षा भारी?

चष्मेवाला : तुमच्या नाही काका, तुमच्या लढवय्याच्या बुक्कीला. तो अजून पहिल्या पायरीवर आहे. नुकताच मठात लढाई शिकून बाहेर पडलाय.

मास्तर : कागदावर नाव माझंच लिहिलंय ना? मग बुक्कीही माझीच. जन्मभर कराटे शिकवलं, ते चार बाजूंसाठी नाही.

लेक : बाबा, फासे टाकून गोष्ट रचायचा खेळ आहे हो हा! ह्याच्या घरी पहिल्यांदा आलाय तुम्ही. मीच मारे म्हटलं, आधी एक डाव खेळू, मग लग्नाचं मोकळेपणाने बोलता येईल. तर तुम्ही शस्त्रावरच अडलाय.

मास्तर : अडलो नाही, निवडतोय. माणूस काय निवडतो त्यावरून कळतो. काय हो चष्मेवाले?

लेक : दुकान आहे त्याचं चष्म्यांचं. म्हणून काय चष्मेवाले म्हणायचं?

मास्तर : मला सगळे मास्तर म्हणतात. मी रडतो का? बरं, आणखी काय काय आहे तुमच्याकडे?

चष्मेवाला : सुरा आहे. गोफण आहे.

मास्तर : सुरा भाजीला, गोफण पाखरांना. पुढे?

चष्मेवाला : साखळीने जोडलेली दोन दांडकी. ती फार जण घेतात.

मास्तर : त्यांचं नाव काढू नका. आमच्या एका हौशी विद्यार्थ्याने आणली होती. समोरच्याला एकदाही लागली नाहीत. स्वतःच्या कपाळावर मात्र अशी बसली, की आठवडाभर आधी टेंगूळ आत यायचं आणि मागून तो.

लेक : मग तलवार घ्या आणि मोकळे व्हा.

चष्मेवाला : तलवार नाही चालणार. जड शस्त्र घेतलं की मठातली चपळाई गेली. एका फटक्यामागून लगेच दुसरा मारायची मुभा गेली. म्हणून म्हणतो, काठी घ्या. काठीने एक, आणि लगेच लाथेने दुसरा.

मास्तर : हातात काठी आणि वर लाथ? मी लढतोय की शेजाऱ्याचं कुत्रं हाकतोय?

लेक : बाबा, नीट ऐका. मी जादूगारीण आहे आणि माझे मंत्र सगळे संपलेत. गुहेच्या दारात पहारेकरी उभा आहे. दगडाचा! त्याला बुक्की मारून काय होणार?

मास्तर : आणि तुम्ही कोण ह्यात, चष्मेवाले?

चष्मेवाला : मी गोष्ट सांगणारा. म्हणजे गुहा मी, वादळ मी, खानावळीचा मालक मी. दगडी पहारेकरीही मीच.

मास्तर : म्हणजे लढाई तुमच्याशीच.

चष्मेवाला : तसं… म्हटलं तर.

मास्तर : मग ठरलं. रिकाम्या हातांनी.

लेक : झालं कल्याण.

चष्मेवाला : हा वीस बाजूंचा टाका. नेम लागला की नाही, ते ह्याच्यावर.

मास्तर : सतरा!

चष्मेवाला : लागला. आता बुक्कीचा टाका, किती लागलं ते कळायला.

मास्तर : तीन.

चष्मेवाला : समोर दगड आहे, म्हणून निम्मं. अर्धा सोडून द्यायचा. एक.

मास्तर : एक?

चष्मेवाला : दगडाचा एक टवका उडाला.

मास्तर : टवका! अहो, ह्या हाताने मी फळ्या फोडल्यात, कौलं फोडलीत…

लेक : न्हाणीघराचं दारही.

मास्तर : ते अडकलं होतं. बरं, तुमची पाळी. काय पडलं? फासा त्या उभ्या पुठ्ठ्याआड टाकून काय बघताय एवढं? आणि तू मला टेबलाखालून लाथा का मारतेस गं?

लेक : तुम्हाला नाही, ह्याला मारत होते.

मास्तर : त्याचा पाय पलीकडे आहे. निदान नेम तरी धर.

चष्मेवाला : वीस पडलेत, काका.

लेक : चष्मा पुसून बघ. दोन असतील.

चष्मेवाला : वीसच आहेत. हा बघ, पुठ्ठा काढला. विसाला दुप्पट मार. काका, तुमचा लढवय्या गेला.

लेक : आणि त्याच्या मागोमाग आपलं लग्न.

मास्तर : गेला म्हणजे? मी पवित्र्यात होतो! हा असा, डावा हात वर…

(मास्तर उठून पवित्रा घेतात. कोपर लागून फळीवरच्या चष्म्यांच्या डब्या धडाधड खाली येतात.)

चष्मेवाला : असू दे, रिकाम्या आहेत.

मास्तर : दोन म्हणायला काय झालं होतं तुम्हाला? पुठ्ठा होता मध्ये. मला कुठे दिसणार होतं?

चष्मेवाला : अगदी ओठांवर आलं होतं. पण काका, दिवसभर लोकांचे डोळे तपासतो मी. वाईट वाटेल म्हणून नंबर कमी लिहिला, तर माणूस जिन्यावरून गडगडायचा. जित्याची खोड आहे, जात नाही.

(मास्तर एकेक डबी उचलून फळीवर ठेवू लागतात.)

लेक : बाबा? चिडलात?

मास्तर : क्लासमध्ये मला कित्येक वर्षांत कोणी हरवलेलं नाही.

लेक : माहितेय. सगळ्यांना सांगता तुम्ही.

मास्तर : का, ते नाही सांगत. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून पोरं मुद्दाम पडतात. माझा हात पोचायच्या आधीच पडतात. परवा मी नुसता शिंकलो, तर एक जण आडवा.

लेक : अगंबाई!

मास्तर : हस, हस. तिथे मीही हसलो. घरी आल्यावर नाही हसू आलं.

लेक : आम्हाला कधी बोलला नाहीत.

मास्तर : काय बोलणार? मान देतात बिचारी. मान देणाऱ्याशी भांडता येत नाही.

चष्मेवाला : काका, नवा लढवय्या करू या? जरा वरच्या पायरीवरचा?

मास्तर : नको. पहिल्याच पायरीवरचा कर. आणि दे त्याला ती तुझी काठी. दगडाशी गाठ आहे, हट्ट तरी किती करायचा माणसाने?

लेक : आणि लग्नाचं, बाबा?

मास्तर : तुमचं ठरलंय ना? मग मला कशाला विचारता? ए, उद्या सकाळी दुकान उघडायच्या आधी क्लासवर ये. चष्मा घरी ठेवून ये.

चष्मेवाला : मी? काका, मला मारता येत नाही. खरं सांगू, मला धड पडताही येत नाही.

मास्तर : म्हणून तर ये म्हणतोय.