कुंपणावरची रतनजोत

आर्वीच्या स्टँडवर वर्ध्याची गाडी अजून लागली नव्हती. देवकाबाई शेतात लावायला घेतलेल्या रतनजोतीच्या, म्हणजे जट्रोफाच्या, रोपांची पिशवी पायाशी घेऊन बसल्या होत्या. पाठीमागच्या बाकावर एक म्हातारा एका शेतकऱ्याला विचारत होता.

"काऊन गा सुखदेव, संत्र्याची झाडं तोडली म्हणे?"

"वाळली, काकाजी. विहिरीत पाणीच नाई राह्यलं."

"गेलं कुठं?"

"रतनजोतीले देल्लं."

देवकाबाईंनी पिशवी हळूच बाकाखाली सरकवली.

"रतनजोतीले? आपल्या बापानं कुंपणावर लावली, पण कधी तांब्याभर पाणी घातलं नाई तिले!"

"तवा तिच्या बियाले कोणी इचारत नव्हतं. आता तिचं डिझेल बनते म्हणून बियाचा भाव चढला, कापसाचा पडला. मंग दोन एकर लावली."

"पण बिनपाण्याचं झाड म्हणूनच लावाले सांगतलं होतं ना?"

"झाड जगते बिनपाण्याचं, बी भरत नाई. भाव पाहून विहिरीवर इंजिन लावलं. तीन उन्हाळे चाललं."

"मंग, झालं बी?"

"इंजिनात जाळलं तेवढंई डिझेल निघालं नसतं त्यातून."



"अन् कुंपणावरची?"

"हिरवीगार हाये, काकाजी. तिले मीनं थेंबभर पाणी देल्लं नाई."