टर्बो लोरेलाय, मूळ संचात

नाही, मला एक सांगा, गाणं पंच्याण्णव सालचं आणि ते गाणाऱ्या बाईचा जन्म नव्याण्णवचा, हे कसं काय बसतं? म्हणजे माझं गणित इतकं काही वाईट नाही हो, इंजिनियर आहे मी! आमच्या मराठी मंडळाच्या फेसबुकवर टाकायला फोटो मागवला होता, तो ईमेलने आला, मी उघडला, चमचमणारी चंदेरी जॅकेटं, मागे धूर, आणि मधोमध उभी कोण, तर माझ्यापेक्षा लहान एक मुलगी! खाली नाव, लेनी, आणि जन्मसालसुद्धा. मी दचकले. आता मी दचकले यात बातमी काही नाही म्हणा. इथे डेट्रॉइटजवळ नोव्हायला गाड्यांच्या सेफ्टी लॅबमध्ये कामाला आहे मी, आमच्याकडे गाडी भिंतीवर आपटतात, तीन, दोन, एक असं मोठ्यांदा मोजून आपटतात, आणि तरीसुद्धा मी दचकते. आत बसवलेला डमी दचकत नाही, मी दचकते! पण ते दचकणं वेगळं आणि हे वेगळं. कारण तुम्हाला सांगते, त्याच्या आदल्याच दिवशी मी पोस्टरवर स्वतःच्या हाताने, ठळक अक्षरांत टाइप करून ठेवलं होतं, 'जर्मनीचा सुप्रसिद्ध डान्स ग्रुप टर्बो लोरेलाय... मूळ संचात!' आणि ते पोस्टर तोपर्यंत अठ्ठावीस व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरून परत माझ्याकडेच आलं होतं, 'फॉरवर्डेड मेनी टाइम्स' होऊन.

मूळ संचात! कोणी सांगितलं होतं मला?

सांगितलं होतं म्हणजे, विनयकाकांनी सांगितलं होतं. विनयकाका आमच्या मंडळाचे अध्यक्ष. मंडळाला यंदा पंचवीस वर्षं झाली. पंचविसाव्या वर्षी माणसं काय आणतात? नाटक आणतात, नाट्यसंगीत आणतात, गेलाबाजार एखादा जादूगार आणतात. काकांना हवा जर्मन डान्स ग्रुप! का, तर शहाण्णव साली सांगलीला, इंजिनियरिंग कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये, काका आणि त्यांचे पाच मित्र टर्बो लोरेलायच्या 'मूनलाइट मेगाहर्ट्झ'वर नाचले, आणि समोर तिसऱ्या रांगेत शोभाकाकू बसल्या होत्या. झालं! लग्न, व्हिसा, घर, दोन मुलं, सगळं त्या एका गाण्यावर उभं आहे असं काकांचं म्हणणं. काकू म्हणतात, "अहो, मी चष्मा विसरले होते त्या दिवशी!"

आणि मूळ संचच का, तर गेल्या वर्षी नाटक आलं होतं भारतातून, त्यात नायिका बदललेली. जाहिरातीत एक, स्टेजवर दुसरी. आता आपल्या लोकांचं तुम्हाला माहितीये, विमान नऊ तास लेट झालं तर चालतं, पण संच बदलला तर चालत नाही. मध्यंतरात निम्मं सभागृह पार्किंगमध्ये! शोभाकाकू तर झारा हातात धरून म्हणाल्या, "पुढच्या वेळी मूळ संच नसला ना, तर मी वडे तळणार नाही. तुम्ही आणि तुमची कमिटी चिप्स वाटा."

तुम्ही म्हणाल, मग तुला काय एवढं? वडे काय, चिप्स काय. तर सांगते. मी इथे आले तो पहिला हिवाळा... नुसता पांढरा. मला एक माणूस ओळखत नव्हता. रविवारी आवाज फुटतोय का बघायला मी मायक्रोवेव्हशी बोलायचे. आणि किराणा दुकानात, भेंडीच्या समोर, या शोभाकाकूंनी मला गाठलं. "पुण्याची का गं? कोथिंबीर हुंगून घेतेस म्हणून विचारलं." आणि सरळ घरी नेऊन जेवायला घातलं. तेव्हापासून मी मंडळात. खुर्च्या लाव, खुर्च्या काढ. आणि यंदा पहिल्यांदा काका म्हणाले, "वल्लरी, ग्रुपशी बोलणं, पोस्टर आणि निवेदन, सगळं तुझं." म्हणजे चारशे बारा माणसांसमोर, माइक हातात धरून, 'मूळ संचात' हे शब्द मला उच्चारायचे! आणि मला खोटं बोलता येत नाही. तत्त्व वगैरे नाही हो, उचकी लागते.

म्हणून मी त्यांच्या मॅनेजरला फोन केला. ग्रुप तेव्हा अमेरिकेतच दौऱ्यावर होता, शिकागोच्या आसपास. मॅनेजरचं नाव योर्ग, आवाज असा की जणू घसा पॉलिश पेपरने घासलाय. म्हटलं, सर, हे ओरिजिनल मेंबर्स आहेत ना? "ओरिजिनल? ऑफ कोर्स ओरिजिनल! नाव ओरिजिनल! जॅकेट ओरिजिनल! धुराचं मशीनसुद्धा ओरिजिनल!" म्हटलं, आणि माणसं? तर म्हणतो, "मॅडम, तुम्ही डेट्रॉइटजवळ राहता. टायर बदलले म्हणून गाडी बदलते का?"

मी थँक यू म्हणून फोन ठेवला! थँक यू! आणि मग बसले डोकं धरून. कोणी सांगितलं होतं 'मूळ संचात' लिहायला?

मग म्हटलं, निदान एक! एक जरी मूळ माणूस सापडला आणि तो स्टेजवर आला, तरी मला उचकीशिवाय बोलता येईल. म्हणून त्या लेनीलाच मेसेज केला. ती इतकी गोड मुलगी, तिने लगेच फोन केला. "मी? छे छे! मी गेल्या मार्चपासून. या जागेवर मी अकरावी!" अकरावी! मी दचकून बेसिनमध्ये मोबाइल पाडला. "माझ्याआधी आन्या होती, तिचा नंबर देते, तिला तुमचा फोन आला तर फार आनंद होईल!"

आणि आनंद झाला हो! हेच तर मला कळेना. मी रोज लंच ब्रेकमध्ये, म्हणजे तिकडे संध्याकाळ, कारमध्ये बसून जर्मनीला फोन लावायचे, घाबरत घाबरत, की आता ही बाई चिडणार, हिला काढून टाकलं असणार, ही रडणार. तर प्रत्येक जण खूश! दहावी म्हणाली, गुडघे गेले म्हणून सोडलं, आता पाळणाघर चालवते, आणि पोरांना तेच गाणं लावते. नववी एका बोटीवरच्या कार्यक्रमात बोटीच्या कॅप्टनलाच आवडली, ती बोटीवरच राहिली. आठवी आणि सातवी एकाच वेळी होत्या, कारण दोन हजार तीन साली ग्रुप फुटला! एका नावाचे दोन ग्रुप झाले आणि एकतीस डिसेंबरला एकाच गावात, समोरासमोरच्या दोन हॉलमध्ये दोघांनी तेच गाणं लावलं. म्हटलं, मग? "मग काय, दोन्ही हॉल फुल्ल!" हे मात्र मला झटकन समजलं. आमचं मंडळ फुटलं तेव्हा नोव्हायमध्ये दोन गणपती बसले होते आणि लोक दोन्हीकडे जेवून आले होते. आणि ग्रुपमध्ये रॅप करणारा एक डीटर होता, त्याने चार वेळा ग्रुप सोडला, बेकरी काढली, परत आला, परत पाव भाजायला गेला. दर जनरल बॉडीला राजीनामा देणारा एक सेक्रेटरी असतो ना आपल्याकडे? तो!

आणि मधोमध उभी राहते तिचं जॅकेट! ते एकच आहे बरं का. पहिलीचं दुसरीला, दुसरीचं तिसरीला. अगदी सासूची पैठणी सुनेला तसं. प्रत्येकीने उसवलंय, प्रत्येकीने शिवलंय. पाचवीने फोनवर मला विचारलं, "डाव्या खिशात अजून माझी केसांची पिन आहे का, बघशील?" आणि मग तिने गाणंच म्हटलं. मीही म्हटलं. तिकडे ती भांडी घासतेय, इकडे मी पार्किंग लॉटमध्ये, काचेवर टकटक... मी किंचाळले. सिक्युरिटी गार्ड होता. त्याला वाटलं मला काही होतंय.

मजा येत होती, खोटं नाही बोलत. पण मूळ? मूळ कुठे होतं? जिला विचारावं ती म्हणे, "मी नाही, माझ्या आधीची."

इकडे कार्यक्रमाला पाच दिवस राहिले. म्हटलं जाऊन कबूल करून टाकू. गेले काकांच्या घरी. तर बेसमेंटमध्ये तालीम! काका आणि त्यांचे मित्र, एकाला कमरेचा पट्टा, जगन्नाथकाकांना मानेचा, आणि सगळे जण 'मूनलाइट मेगाहर्ट्झ'वर हात हलवतायत, एक उजवीकडे, पाच डावीकडे, आणि चेहऱ्यावर काय आनंद! मंडळाचा कार्यक्रम म्हणजे आधी हे नाचणार, मग जर्मन येणार. मी मोजलं, सहा जण. म्हटलं, काका, हेच सहा जण होते सांगलीला? "हो, म्हणजे पाच. सहावा आमचा सिद्धेश, तो बदली होऊन तिकडे चँडलर गावी गेला. त्याच्या जागी हा निमिष घेतलाय." निमिष! तीस वर्षांचा, जळगावचा, सांगली त्याने फक्त नकाशात बघितलेली! मी म्हटलं, काका, मग हा मूळ संच नाही झाला. काका थांबले, घाम पुसला, आणि म्हणाले, "अगं, आमचं वेगळं. आम्ही हौशी. स्टेप्स त्याच आहेत ना?" आणि जिन्यावरून शोभाकाकू ओरडल्या, "वल्लरी, किती किलो बटाटे सांगू? मूळ संच आहे ना नक्की?"

मी हो म्हटलं. आणि उचकी. काकूंनी पाणी दिलं वर!

मग मात्र मी जिद्दीला पेटले. दुसऱ्या दिवशी पहिली सापडली. पहिली! बिर्गिट, मॅनहाइमला ड्रायव्हिंग स्कूल चालवते. मी जवळजवळ रडलेच. म्हटलं, बिर्गिटबाई, तुम्हीच ना त्या, पंच्याण्णव सालच्या? "मीच!" जॅकेट पहिल्यांदा घातलं त्या? "मीच! मापच माझं!" आणि 'मूनलाइट मेगाहर्ट्झ' तुम्हीच गायलात?

मागे कोणीतरी गिअर बदलताना करकर आवाज करत होतं.

"गायले? नाही गं बाई. मी नुसते ओठ हलवायचे."

आता मात्र मी दचकलेसुद्धा नाही. दचकण्याचाही एक साठा असतो माणसाचा. बिर्गिट आपली हसतेय. "आम्ही अकरा जणी ओठच हलवतोय! आवाज हाइकेचा. दाताच्या डॉक्टरांकडे कामाला होती ती. जेवणाच्या सुट्टीत पांढऱ्या कोटातच स्टुडिओत आली, पाऊण तासात गायली आणि परत गेली, दोनचा पेशंट होता म्हणून. स्टेजवर ती कधीच चढली नाही. मग लग्न करून अमेरिकेला गेली. कुठे गं ते... ते कोंबडीच्या जेवणाचं गाव..."

फ्रँकनमथ!! अहो, फ्रँकनमथ! आपल्याकडे भारतातून कोणाचे आईवडील आले की आपण नेतो ते, लाकडी पूल, जर्मन घरं, वर्षभर ख्रिसमसचं दुकान! सव्वा तासावर! मी दोनदा जाऊन आलेय, वडिलांनी तिथे बाकावर बसून 'कोंबडी आपल्यासारखी नाही' असं म्हटलंय, आणि तो आवाज तेव्हा कदाचित शेजारच्या दुकानात भाजी घेत असेल!

नंबर मिळाला तो घरचा, भिंतीवरच्या फोनचा. लावला. वाजतोय, वाजतोय... कोणी उचलत नाही. निरोप घेणारं मशीन नाही, काही नाही. बुधवारी सात वेळा. गुरुवारी नऊ. शुक्रवारी मी टेस्टच्या काउंटडाउनमध्ये फोन लावला, तिकडे गाडी भिंतीवर आदळली, आणि मी इतकी कान लावून बसले होते की मला कळलंच नाही. बॉस धावत आला, "आर यू ओके?" म्हणे! मी दचकले नाही म्हणून घाबरला तो.

आणि आला की शनिवार. कार्यक्रम चारला, हायस्कूलच्या हॉलमध्ये. सकाळी अकरा वाजता मी हायस्कूलच्या मागे, कचऱ्याच्या डंपस्टरशेजारी उभी. आत योर्ग धुराचं मशीन तपासतोय, लेनी निमिषला स्टेप शिकवतेय, सगळे खिदळतायत, किचनमधून बटाटे उकडल्याचा वास. निवेदनाचा कागद माझ्या हातात, ओला झालेला. त्यावर पहिलंच वाक्य... कोणी सांगितलं होतं मला, कोणी? शेवटचा म्हणून फोन लावला. एक रिंग. दोन. पाच. अकरा. ठेवणारच होते, तेवढ्यात...

"हॅलो?"

तुम्हाला सांगते, एकच शब्द, आणि माझ्या अंगावर काटा. तोच! तीस वर्षं जुना, पण तोच आवाज, सीडीतला, बेसमेंटमधला, सांगलीचा! म्हणतात, "सॉरी हं, बहिणीकडे गेले होते, आत्ता दारातून आत येतेय, किती वेळ वाजतोय फोन!" मी एका दमात सगळं ओकले, मंडळ, काका, तिसरी रांग, चारशे बारा, मूळ संच, उचकी. त्या ऐकत राहिल्या. मग हसायला लागल्या, इतक्या हसल्या, आणि मग म्हणाल्या, "तीस वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. येते मी. तीनपर्यंत पोचते. गाणं अजून तोंडपाठ आहे."

मी आनंदाने उडी मारली! म्हटलं, बाई, तुम्हाला अगदी मध्यभागी उभं करते, लाइट तुमच्यावर...

"छे छे छे! स्टेजवर नाही हं मी येणार. मागे, पडद्याच्या आड उभी राहून गाईन. पुढे कुणीतरी ओठ हलवायला आहे ना?"

म्हटलं... आहे. लेनी आहे. अकरावी.

"मग झालं तर! आमचं पहिल्यापासून असंच असायचं."

बघा आता. मूळ संच मिळाला, अगदी शंभर टक्के मूळ... फक्त दिसणार नाही कुणाला!