खालची बाजू

(डिलाईल रोडवरच्या चाळीचा लाकडी जिना. आईला खुर्चीत बसवून दोन मुलगे खाली नेतायत. थोरला जयवंत खालच्या पायरीवर, धाकटा हितेंद्र वरच्या.)

हितेंद्र : आई, कठडा सोड बघू. तू धरून बसतेस म्हणून खुर्ची अडते.

आई : ऱ्हवांदे रे.

जयवंत : थांब. इथे टेकव. कंबर गेली माझी.

हितेंद्र : परत? अरे दादा, डायलिसिसची वेळ चुकेल.

जयवंत : डॉक्टरने मला बादलीसुद्धा उचलू नको म्हटलंय. म्हणून तर सांगतोय, हिला तुझ्याकडे ने. तुझ्या बिल्डिंगला दोन-दोन लिफ्ट आहेत.

हितेंद्र : बायकोशी बोलतो म्हटलं ना! आणि एकटा तूच उचलतोयस का? दोघं आहोत. निम्मं निम्मं.

जयवंत : निम्मं? दादरच्या क्लासमध्ये पोरांना हेच शिकवतोस?

हितेंद्र : आता फिजिक्स कशाला मध्ये आणतोस?

जयवंत : जिन्यात खुर्ची कलली की वजन कोणावर जातं? सांगा, सर.

हितेंद्र : ...खालच्यावर.

जयवंत : म्हणजे ठाऊक होतं. तरी पहिल्या दिवसापासून वरची बाजू धरलीस.

हितेंद्र : मला सवय नाही रे.

जयवंत : मी काय जन्मतः हमाल होतो? चल, आज तू खाली हो.

आई : भांडू नको रे. लोक बघतत.

जयवंत : बघू देत. धर, हितू. उचल.

हितेंद्र : हळू, हळू... अरे बापरे! आई, कठडा धर ना जरा!

आई : आता धर? मगाशी तर सोड म्हणालंस. जयवंताक जड जाता म्हणान धरतंय मी. दरवेळी.

जयवंत : ...मला कधी बोलली नाहीस.

हितेंद्र : दादा, माझे हात सुटतायत. टेकव, टेकव!

आई : जयवंता, तूच ये रे खाली. ह्याच्या हातात माका भ्या वाटता.

हितेंद्र : बघ. आईच म्हणतेय.

जयवंत : आणि तुझ्या घरी न्यायचं?

हितेंद्र : आता तुझ्याशिवाय राहील का ती? तूच सांग.

जयवंत : ...सरक. दे इकडे.

आई : मी कठडो धरतंय हां, बाबा.